वाकलेला कणा आणि आईपण

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, पाहायला आलेला पाहुणा बीबी का मकबरा पाहिल्याशिवाय परत जात नाही. पाहुण्याला आपण मिनार दाखवतो, ताजमहालाशी तुलना करतो, फोटो काढतो. पण हा मकबरा एका बाळंतिणीचा आहे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिला १६५७ साली मुलगा झाला आणि त्यानंतर महिनाभरातच ती वारली. ज्या ताजमहालाशी आपण मकबऱ्याची तुलना करतो, त्यात विसावलेली मुमताजमहल हीसुद्धा १६३१ साली बुऱ्हाणपूरला बाळंतपणातच गेली. राजवाड्यात राहणाऱ्या, हकीम-वैद्य दिमतीला असणाऱ्या स्त्रियांची ही कथा. मग साध्या घरातल्या बाईने बाळंतपणाला दुसरा जन्म म्हटले, यात नवल ते काय?

त्यातून जिची पाठच सरळ नाही, अशा मुलीचे काय होत असेल? आजचा विषय तोच आहे. पाठीचा कणा एका बाजूला वळतो आणि वळताना थोडा पिळलाही जातो, त्या विकाराला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. पाठ पुढच्या बाजूला वाकून कुबड येते, तो प्रकार वेगळा. स्कोलिओसिसमध्ये एक खांदा वर दिसतो, एका बाजूचे पाठीचे फरे उचललेले दिसते, साडीच्या निऱ्या एकसारख्या बसत नाहीत. दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी साधारण दोन ते तीन टक्क्यांत तो थोडाफार आढळतो. मात्र वळण मोठे असलेल्या रुग्णांत मुलीच कितीतरी जास्त असतात. अशी मुलगी वयात आली, की घरातले दोन प्रश्न विचारतात. एक मोठ्याने, हिचे लग्न कसे व्हायचे? आणि दुसरा हलक्या आवाजात, हिला मूल झेपेल का?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला फार वर्षे लागली. त्याचीच ही गोष्ट.

आपल्या जुन्या कथांत वाकलेल्या देहाची माणसे पुष्कळ भेटतात. रामायणात मंथरा आहे. भागवतात मथुरेची कुब्जा आहे. कृष्णाने आपल्या पायाने तिचे पाय दाबून धरले, दोन बोटे हनुवटीखाली लावून तिला वर उचलले आणि ती सरळ झाली, ही कथा कीर्तनात आपण ऐकलेली असते. महाभारतात अष्टावक्र आहे. तो आईच्या पोटात असतानाच वडिलांच्या वेदपठणातील चूक काढतो आणि वडील त्याला आठ ठिकाणी वाकडा होशील असा शाप देतात. पुढे समंगा नदीत स्नान केल्यावर त्याचेही अंग सरळ होते. कुब्जा आणि अष्टावक्र, दोघांच्याही कथेचा शेवट सरळ होण्यात आहे. वाकलेली पाठ तशीच राहिली आणि तरीही त्या माणसाचा संसार चांगला झाला, हा शेवट कथाकारांना सुचला नसावा. संस्कृत नाटकांतही राजाच्या अंतःपुरात कुब्जा दासी असतात, पण त्या सेवेपुरत्या.

मग असे मूल जन्माला का येते? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात याचे एक उत्तर आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणी दोन हृदयांची होते आणि तिच्या इच्छा या गर्भाच्याही इच्छा असतात. त्या पुरवल्या नाहीत, तर मूल कुबडे, लुळे, लंगडे, ठेंगणे किंवा दृष्टिहीन होऊ शकते, असे तेथे म्हटले आहे. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच परंपरेतल्या ‘दोहद’ शब्दावरून आला. या विचारात एक मोठी माणुसकी आहे. सासुरवाशिणीला निदान त्या काही महिन्यांत तरी हवे ते खायला मिळावे, तिचे मन सांभाळले जावे, याला शास्त्राचा आधार मिळाला. डोहाळजेवणाची गोड चाल त्यातूनच टिकली. पण तिला दुसरी, कडू बाजूही होती. मुलाची पाठ वाकडी निघाली, की बोट आईकडे वळू लागले. हिने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, कशी झोपली, असे प्रश्न आजही विचारले जातात.

आजचे शास्त्र याबाबत स्पष्ट आहे. जन्मतःच मणक्यांची घडण बिघडलेली असेल, तर तो बिघाड गर्भाच्या पहिल्या सहा आठवड्यांच्या सुमारास होतो. तेव्हा कित्येकींना आपण गरोदर आहोत हेही माहीत नसते. आणि स्कोलिओसिसचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार तर मूल दहा-बारा वर्षांचे झाल्यावर, उंची झपाट्याने वाढताना दिसू लागतो. त्यात आनुवंशिकतेचा काही भाग आहे, पण नेमके कारण एक नाही. डोहाळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. आईचा तर नाहीच नाही.

पश्चिमेकडेही सुरुवात अशीच चाचपडत झाली. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळी रुग्णाला शिडीला बांधून ती शिडी उंचावरून झटक्याने खाली सोडण्याचा उपाय होता. १७४१ साली फ्रान्समध्ये निकोला आंद्री या वैद्याने मुलांच्या शारीरिक व्यंगांवर ग्रंथ लिहिला. हाडांच्या वैद्यकाला आज ऑर्थोपेडिक्स म्हणतात, तो शब्द त्याचाच. सरळ आणि मूल या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याने तो बनवला. त्या ग्रंथातले वाकड्या रोपट्याला खांबाशी बांधल्याचे चित्र आजही जगभरच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संस्थांचे बोधचिन्ह आहे. पुढे लंडनच्या विल्यम ॲडम्सने १८६५ च्या सुमारास एक साधी तपासणी सांगितली. रुग्णाला पाय जुळवून कमरेतून पुढे वाकायला लावायचे आणि मागून पाहायचे. उभे असताना लपलेले वळण वाकल्यावर दिसते, कारण एका बाजूच्या बरगड्या उंचावतात. इग्वानोडॉन या डायनोसॉरचा शोध लावणारे गिडियन मँटेल यांच्या वाकलेल्या कण्याचा अभ्यास करताना ॲडम्सला ही गोष्ट जाणवली होती. या तपासणीला ना यंत्र लागते, ना पैसा.

आता बाळंतपणाकडे वळू. वाकड्या पाठीच्या बाईला मूल होताना ती दगावते, ही भीती निराधार नव्हती. पण तिचे मूळ कण्यात नव्हते, मुडदुसात होते. मुडदूस झालेल्या मुलीची हाडे मऊ राहतात. पाय फाकतात, कणा वाकतो आणि कमरेच्या हाडांचे कडे आत दाबले जाऊन अरुंद होते. मूल बाहेर येते ते याच कड्यातून. वाटच अरुंद असेल, तर बाळंतीण अडते. १८४७ च्या जानेवारीत एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने बाळंतपणात पहिल्यांदा ईथरची भूल वापरली, ती कमरेची हाडे अशीच बिघडलेल्या एका स्त्रीसाठी. सिझेरियनने त्या काळी आईचा जीव वाचणे कठीण होते. १८८२ साली जर्मनीच्या माक्स झेंगरने गर्भाशयाला नीट टाके घालण्याची पद्धत रूढ केली आणि मग हळूहळू चित्र बदलले.

मुडदुसाचे कारण शोधण्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. इंग्लंडमध्ये १८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टरने निरनिराळ्या देशांतल्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती गोळा केली आणि जेथे ऊन भरपूर तेथे मुडदूस कमी, असा निष्कर्ष काढला. पण हिंदुस्थानात तर उन्हाला तोटा नाही. मग येथे मुडदूस का? १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक भागातील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. अंदाजाने पाहिले तर गरिबांच्या मुलांत मुडदूस जास्त असायला हवा होता, कारण त्यांचे खाणे निकृष्ट. निघाले उलटेच. पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या स्त्रिया आणि मुले यांच्यात हा रोग अधिक होता. आई शेतात राबते आणि मूल बांधावर उन्हात खेळते, त्या घरात तो कमी होता. युरोपात त्याच सुमारास कॉडलिव्हर तेलाचा आणि अतिनील किरणांच्या दिव्याचा गुण सिद्ध झाला. ‘ड’ जीवनसत्त्वाचे नावही १९२२ मधलेच. ज्या पडद्याने खानदानी घराची अब्रू राखायची, तोच पडदा घरच्या लेकीची हाडे मऊ करत होता आणि तिच्या बाळंतपणात तिच्या जिवावर उठत होता.

स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टरच हवी, ही मागणी याच पडद्यामुळे पुढे आली. १८८६ साली अमेरिकेत पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू परंपरेतील प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते. योग्य उपचार मिळते तर, हा प्रश्न घेऊन त्या समुद्र ओलांडून गेल्या. परत आल्यावर १८८७ साली पुण्यात त्यांना क्षयाने गाठले आणि त्यांच्या हातून रुग्णसेवा व्हायची राहून गेली.

हा क्षयसुद्धा आपल्या विषयातला एक खलनायकच. क्षय मणक्यांत शिरला, की मणके पोखरले जातात आणि कुबड येते. आपल्याकडच्या कुबडांमागे तो फार मोठे कारण होता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढे आणखी औषधे आली. बनारसच्या डॉ. तुली यांनी प्रत्येकाची शस्त्रक्रिया न करता, आधी औषधे आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया, असा मधला मार्ग आखून दिला. तो जगाने उचलला. पोलिओ हे असेच दुसरे कारण. स्नायूंचे बळ एका बाजूला गेले, की वाढत्या मुलाचा कणा झुकतो. १९४७ साली मुंबईत फातिमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी केंद्र सुरू केले, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. भारतातला या विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. मुडदूस, क्षय, पोलिओ ही कारणे मागे हटत गेली, तसा कारण न सापडणारा, वयात येताना दिसणारा स्कोलिओसिस ठळक होत गेला. आजच्या मुलींत मुख्यतः तोच दिसतो. पण भीती मात्र जुन्याच रोगांची राहिली. जुन्या पाठ्यपुस्तकांत कुबडाची कमर, वाकड्या कण्याची कमर असे वर्ग पाडलेले असत. नव्या मुलींनाही त्याच मापाने मोजले गेले.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यामुळे कणा आतून दिसू लागला. १९४८ साली अमेरिकेच्या जॉन कॉबने वळणाचा कोन मोजण्याची रीत दिली. आज डॉक्टर ‘तीस अंश’, ‘पन्नास अंश’ म्हणतात, ते त्याच रीतीने. १९६२ साली ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टनने पोलिओच्या मुलांवरील अनुभवातून कण्याला आधार देणारी धातूची सळई प्रसिद्ध केली. पण क्ष-किरणांचे दुसरे रूपही पुढे आले. गरोदरपणी आईच्या पोटाचा एक्स-रे काढला, तर मुलाला पुढे कर्करोग होण्याचा धोका वाढतो, हे ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनी १९५६ पासून दाखवायला सुरुवात केली. त्यांच्यावर विश्वास बसायला वर्षे गेली. कण्याचा एक्स-रे काढायचाच असेल तर तो दिवस राहण्याआधी काढून ठेवा, असे आज सांगतात, त्याच्यामागे हा इतिहास आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. १९६८ साली स्वीडनमधून आलेल्या एका अभ्यासाने मोठी निराशा पसरवली. स्कोलिओसिस असलेल्या रुग्णांची पन्नास वर्षांनंतर चौकशी केली, तेव्हा स्त्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अविवाहित राहिल्या होत्या आणि मृत्यूचे प्रमाणही जास्त होते. लग्न टाळावे, मूल तर नकोच, असा सल्ला द्यायला हे पुरेसे होते. पुढे या अभ्यासातले दोष दाखवले गेले. वेगवेगळ्या कारणांनी कणा वाकलेले रुग्ण त्यात एकत्र मोजले गेले होते. शिवाय, एखादी बाई अविवाहित राहिली याला तिचा कणा जबाबदार की समाजाची नजर, हे एक्स-रेत थोडेच दिसते?

उत्तर देणारा अभ्यास १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. बेट्झ आणि सहकाऱ्यांनी वाढ पूर्ण झालेल्या ३५५ स्त्रिया तपासल्या. १७५ जणींना निदान एकदा तरी दिवस गेले होते, १८० जणींना कधीच नाही. दोन्ही गटांत कण्याचे वळण वाढण्याचे प्रमाण सारखेच निघाले. गरोदरपणामुळे वळण वाढते असे दिसले नाही आणि बाळंतपणातल्या अडचणीही इतर स्त्रियांपेक्षा वेगळ्या नव्हत्या. २००१ साली स्वीडनमधूनच डॅनिएल्सन आणि नाकेमसन यांचा अभ्यास आला. लहानपणी पट्टा किंवा शस्त्रक्रिया झालेल्या मुली बावीस वर्षांनी कशा आहेत, हे त्यांनी पाहिले. बहुतेकींना मुले झाली होती आणि बाळंतपणे सुखरूप पार पडली होती. अमेरिकेतल्या आयोवात उपचार न घेतलेल्या रुग्णांचा पन्नास वर्षे मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २००३ साली आले. पाठदुखी थोडी जास्त, दिसण्याची खंत खरी, पण बहुतेकांचे आयुष्य इतरांसारखेच.

गरोदरपणात वळण वाढेल असे डॉक्टरांना वाटत होते, त्यालाही कारण होते. १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ या शास्त्रज्ञाला रिलॅक्सिन हे संप्रेरक सापडले. कमरेचे सांधे सैल करून ते बाळाला वाट देते. सांधे सैल, वर पोटाचा भार, मग कणा आणखी झुकेल, हा तर्क सरळ होता. पण वाढ पूर्ण झालेला कणा त्याहून मजबूत निघाला. मोठ्या वळणांवर नजर ठेवावी लागते हे खरे. पाठदुखीचे म्हणाल, तर सरळ पाठीच्या निम्म्याअधिक गर्भवतींनाही ती होतेच.

मग खरी काळजी कशाची? फुप्फुसांची आणि भुलीची. छातीच्या भागातले वळण फार मोठे असेल, तर बरगड्यांच्या पिंजऱ्यात फुप्फुसाला जागा कमी पडते. पोट वाढू लागले, की श्वासपटल वर ढकलले जाते आणि दम लागतो. अशा स्त्रीने दिवस राहण्याआधीच श्वसनाची आणि हृदयाची तपासणी करून घ्यायची असते. यातल्या थोड्याजणींना बाळंतपण खरोखरच धोक्याचे ठरू शकते, आणि ते त्यांना आधी कळायला हवे.

भुलीचा विषय निघाला, की आपल्या जुन्या निजामी मुलखाची आठवण होते. औरंगाबाद तेव्हा त्या राज्यात होते. १८८८ आणि १८८९ साली एडवर्ड लॉरी या डॉक्टरच्या पुढाकाराने, निजामाच्या खर्चाने, हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर प्रयोग झाले. नाडीपेक्षा श्वासाकडे लक्ष द्या, असे लॉरीचे सांगणे होते. क्लोरोफॉर्म हृदयही थांबवू शकते हे पुढे सिद्ध झाले, त्यामुळे त्याचा निष्कर्ष अपुरा ठरला. पण या कामातून रूपाबाई फर्दूनजी ही भूलतज्ज्ञ घडली. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचे नाव घेतले जाते. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअरने पाठीच्या कण्यात औषध सोडून कमरेखालचा भाग बधिर करण्याची युक्ती काढली. आज बहुतेक सिझेरियन याच भुलेवर होतात. कणा पिळलेला असला, तर सुईला वाट सापडायला वेळ लागतो. आत सळई असेल, तर औषध एकसारखे पसरत नाही. तरीही पुष्कळदा ही भूल देता येते. सोनोग्राफीची मदत घेता येते. भूलतज्ज्ञाला मात्र ते आधी माहीत हवे, मध्यरात्री कळा सुरू झाल्यावर नव्हे.

१९५६ साली औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मराठवाडा त्याच्या रुग्णालयाला ‘घाटी’ म्हणूनच ओळखतो. गावच्या सुईणीकडे किंवा तालुक्याच्या दवाखान्यात अडलेली बाई घाटीला न्या, हे शब्द आपल्या तीन पिढ्यांनी ऐकले. अडल्यावर नेण्याऐवजी सातव्या महिन्यातच भूलतज्ज्ञाला भेटवून आणा, एवढा बदल आता करायचा आहे. शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे जुने कागद आणि एक्स-रे जपून ठेवा. कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत सळई आहे, ही एक ओळ त्या रात्री फार मोलाची असते. आणि वाकडी पाठ म्हणजे सिझेरियनच, असे धरून चालू नका. बाळाच्या आणि कमरेच्या मापावरून ते ठरते. पुष्कळजणी सरळ बाळंत होतात.

ब्रिटनच्या राजघराण्यातील युजिनी हिच्यावर २००२ साली, बाराव्या वर्षी कण्याची शस्त्रक्रिया झाली. २०१८ साली लग्नात तिने मुद्दाम पाठ उघडी ठेवणारा पोशाख निवडला, व्रण जगाला दिसावा म्हणून. २०२१ आणि २०२३ साली तिला दोन मुलगे झाले. आपल्याकडे मात्र स्थळ बघताना पदर पाठीवरून घट्ट ओढून घेतला जातो, आणि लपवलेली गोष्ट पुढे डॉक्टरपासूनही लपते. खरा धोका तेथे आहे.

दहा-बारा वर्षांच्या लेकीला आज घरी एकदा पाय जुळवून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. बरगड्यांची एक बाजू उंच वाटली, तर ओरडू नका, ‘नीट उभी राहा’ म्हणू नका. ती नीटच उभी आहे. तिला अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. वाढीच्या वयात पट्टा वेळेवर बांधला तर बऱ्याच मुलींचे वळण शस्त्रक्रियेपर्यंत जात नाही, हे २०१३ सालच्या मोठ्या अभ्यासाने दाखवले आहे. आणि वळण राहिलेच, तर तिला तेव्हाच सांगून ठेवा, की कुब्जेसारखे सरळ झाल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होणार नाही, असे काही नाही. तिच्या डोहाळजेवणाला आपण सगळे असू.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)